आखणीवाल्याची केस

९ जून, सोमवार

दोषारोपपत्र आलं. एक तर पोलिसांचं मराठी, त्यात पुसट झेरॉक्स. मला एका वेळी दोन-तीन अक्षरं दिसतात, तसं सरकत सरकत सगळं वाचलं. अख्खी सकाळ गेली. मंगल म्हणाली, आणा, मी वाचून दाखवते. नको म्हटलं. माझ्यावरचा आरोप मी माझ्या डोळ्यांनी वाचणार, बायकोच्या नाय.

'आरोपीने अंध नसताना अंध असल्याचे भासवून शासनाच्या अपंग पेन्शनचा लाभ घेतला.' पुरावा काय, तर तो व्हिडिओ. शेठच्या मूर्तींच्या कारखान्यात मी गणपतीचे डोळे आखतोय. आंधळा माणूस डोळे आखेल कसा? झालं. वसंता चोर.

वीस-बावीस वर्षं झाली, डोळ्याचा पडदा कडेकडेने मरत आलाय. मधे एवढंसं भोक उरलं. भोकात जे येतं ते लख्ख दिसतं, बाहेर काळोख पण नाय, काहीच नाय. सुईत दोरा ओवीन मी. पण दारात म्हैस उभी असली तर तिच्या अंगावर जाऊन आदळीन. डॉक्टरांनी तपासलं, सर्टिफिकेटवर लिहिलं 'अंध'. तो शब्द मी मागितला नव्हता. दिला, घेतला. आता म्हणतात चोरलास.

पन्नाशीत हे बघायचं राहिलं होतं.


११ जून

पेणमधल्याच एका वकिलाकडे गेलो. रामवाडीतून रिक्षा, मंगल बरोबर. त्याने कागद चाळले नि म्हणाला, "सोपं आहे. काळा चष्मा घ्या. काठी घ्या. कोर्टाच्या पायरीवर जरा अडखळा. आणि केस संपेपर्यंत आखणी बंद."

तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, मला अडखळायला शिकवू नका. उठलो तर गुडघा स्टुलाला लागला, वर पाण्याचा तांब्या होता, तो त्याच्या फायलींवर. खराखुरा धक्का, मुद्दाम नाय. तर तो माणूस टाळी वाजवून काय म्हणतो, "वा! असंच! हे असंच करा!"

परत त्याचं तोंड बघणार नाय.


१४ जून, शनि.

मंगलच्या मावसभावाने रोह्याचे वकील सांगितले. झिराडकर. तिथल्या वरसे गावात राहतात, सत्तरी पार, डोकं तल्लख म्हणे. पेणहून गाडीने गेलो. रोह्याला प्लॅटफॉर्मवर उतरताना मंगलने दंड असा धरला की वळ उठला. दरवेळी होतं ते.

दारातच म्हणाले, "आज शनिवार. आज मी कागद उघडत नाय."

यहुदी आहेत, शनिवार त्यांचा देवाचा, कामाला हात लावत नाहीत. दोन्ही मुलगे केव्हाच इस्रायलला गेले, हे इथेच. आपल्याला काय ठाऊक शनिवारचं! मंगलचा एक रोज बुडाला, माझं कामाचं सीझन, आणि हे दार अडवून हसतायत. तोंडावर बोललो, साहेब, मग बोलावलंत कशाला? तर म्हणाले, "मी सोमवार म्हटलं व्हतं. तुमच्या मेव्हण्याने शनिवार ऐकला असेल. आलाच आहात तर जेवा."

काल करून ठेवलेलं वाढलं. आंबट वरण, भात, माशाचं कालवण. चांगलं होतं. राग असताना जेवण चांगलं लागलं की अजून राग येतो.

जेवल्यावर म्हणाले, "केस राहू दे. डोळे आखता कसे ते सांगा. आमच्यात मूर्ती नाय, मला यातलं काय म्हणजे काय ठाऊक नाय." ते असं विचारल्यावर मी सुटलोच. दोन्ही डोळे मला एकदम दिसत नाहीत. एक दिसतो तेव्हा दुसरा गायब. म्हणून डाव्या हाताचा अंगठा सोंडेच्या मुळाशी रोवायचा, तो हलवायचा नाय. तिथून काडीने माप घेऊन एक डोळा. मग तीच काडी उलटी फिरवून दुसरा. श्वास धरून. अंगठा उचलला की गेलं सगळं, देव तिरळा होतो.

ते ऐकत राहिले. मधे दोनदाच विचारलं, "अंगठा कायम?" म्हटलं कायम. वीस वर्षं.


१६ जून

सकाळीच वकिलांचा फोन. व्हिडिओ बघितला त्यांनी.

"वसंतराव, अंगठा कुठाय?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मान छताकडे. डोळे मिटलेले. डावा हात मांडीवर. आणि ब्रश सरसर चाललाय. मग शनिवारी मला सांगितलंत ते खोटं, की हे?"

फोन ठेवला. ठेवला म्हणजे आपटलाच.


१७ जून

आज लिहूनच टाकतो. वही माझीच आहे.

मागच्या वर्षी शेठचा जावई मुंबईहून आला. म्हणाला, हे आखणीवाले मामा आंधळे आहेत ना, मग याची जाहिरात का नाय करत? शेठना पटलं. मी म्हटलं, मी तसला आंधळा नाय. शेठ म्हणाले, "सर्टिफिकेटावर काय लिवलंय? मग!" डोळे आधीच आखून वाळलेली मूर्ती पुढे ठेवली. मी हात फिरवला तिच्या तोंडावरून, मान वर केली, डोळे मिटले आणि कोरडा ब्रश आखलेल्या रेघेवरून फिरवला. कोरडा. रंगच नव्हता त्याला. जावयाने मोबाईलवर व्हिडिओ काढला, सगळीकडे पाठवला, खाली लिहिलं, 'आंधळ्याच्या हातून देवाला दृष्टी'.

लोक यायला लागले. बायका माझ्या पाया पडायच्या. एकीने माझी बोटं स्वतःच्या पोराच्या डोळ्यांना लावली, त्याला चष्मा होता. मी लावू दिली. कारखान्याबाहेर बोर्ड लागला. मला ते आवडलं. हे लिहिताना लाज वाटते, पण आवडलं. इतकी वर्षं रस्त्यात धडकलो की 'दिसत नाय का रे भडव्या' ऐकत आलो, आणि आता लोक वाकतायत.

आणि व्हिडिओ बघून कुणीतरी अर्ज केला की हा ढोंगी आहे. अर्जदार चुकीचा नाय. त्याने चुकीच्या जागी बोट ठेवलं एवढंच.


२० जून

मंगलला सांगितलं. ती कारखान्यातच असते, पितांबर रंगवते. म्हणाली, "मला काय ठाऊक नाय व्हय? दोन हातांवर बसले व्हते मी. तेव्हा लोक पाया पडत व्हते, गोड लागलं. आता कडू लागतंय."

म्हटलं, तेव्हा का नाय बोललीस गो? म्हणाली, "तुमी ऐकलं असतंत?"

नसतं ऐकलं. पण हे तिच्या तोंडून ऐकायला नको होतं. भांडलो. जेवलो नाय.


२३ जून, रोहा

सोमवार, या खेपेला नीट विचारून गेलो. सगळं सांगितलं. कोरडा ब्रश पण.

वकील खुर्चीत मागे टेकले. "मग तुमचं सर्टिफिकेट खरं आणि व्हिडिओ खोटा. सरकार उलटं समजून बसलंय. एवढंच कोर्टात सांगायचं."

"कोण सांगणार?"

"तुमीच. दुसरं कोण?"

म्हटलं, अख्खं पेण हसेल. शेठचा धंदा बसेल. डोळे असे झाल्यावर सगळ्यांनी काढलं, त्या माणसाने ठेवलं मला. त्याला कोर्टात उघडा पाडू? मी नाय करणार असलं.

"मग चोर म्हणून शिक्षा घ्या," म्हणाले. इतक्या शांतपणे बोलले की अंगाची लाही झाली. निघालो तो चौकटीवर कपाळ आपटलं. रक्त. त्यांनीच आयोडीन लावलं. लावलं पण जपून, त्याचा वेगळा राग.


४ जुलै, कोर्ट

व्हिडिओ दाखवला. लॅपटॉपवर, सगळ्यांसमोर. मला माझं एकेक अंग दिसत होतं. आधी ब्रश, मग हनुवटी, मग मिटलेले डोळे. काय नाटकी तोंड केलंय! थोबाडीत मारावंसं वाटलं.

सरकारी वकील म्हणाले, "हा माणूस आंधळा असेल तर हा चमत्कार आहे, नसेल तर गुन्हा आहे. चमत्काराचा पुरावा आमच्याकडे नाही." लोक हसले. मागून कुणीतरी जोरात हसलं, आवाज ओळखीचा. वळून बघितलं तर काय, माझ्या भोकात एक पंखा आला फक्त.

आमच्या वकिलांनी मेडिकल बोर्डाची मागणी केली. न्यायाधीश बाईंनी मान्य केली. बस.


१८ जुलै, अलिबाग

बोर्डाची तपासणी. यंत्रात हनुवटी ठेवायची, मधल्या ठिपक्याकडे बघायचं, कडेला दिवा लुकलुकला की बटण दाबायचं.

बटण दाबायला दिवा दिसायला तर हवा! यंत्र कुरकुरतंय, मी बसलोय. मधेच एक दिसला, दाबलं. मग पुन्हा किती तरी वेळ नुसती कुरकुर. आणि मनात काय आलं, की आता हे लोक म्हणतील मुद्दाम दाबत नाय. मग मला भीती वाटून न दिसता पण एकदोनदा दाबलं. म्हणजे मी चोर नाय हे दाखवायला मी पुन्हा खोटंच करत होतो.

डॉक्टरीण बाईंना कळलं. म्हणाल्या, "काका, अंदाजाने दाबू नका. दिसलं तरच." पुन्हा पहिल्यापासून घेतलं. तिसऱ्यांदा पण घेतलं, तिन्ही जुळतात का बघायला. बाई बऱ्या होत्या. माझाच माझ्यावर भरवसा नव्हता.


२१ जुलै

शेठनी आत बोलावलं. दार लावलं.

"वसंता, कोर्टात काय बोलनार हायस?"

म्हटलं, ठरवलं नाय.

"अंदाजाने काढतो म्हण. हातात देव बसलाय म्हण. कोर्ट काय देवाला साक्षीला बोलवनार हाय?"

"आणि मला शिक्षा झाली तर?"

"आमी हाव ना."

कुठे हाव? कोर्टात तर दिसला नाहीत, शेठ. हे तोंडावर बोललो. मग त्यांचा आवाज चढला. बोर्ड बघून ऑर्डरी आल्यात, पन्नास ठिकाणी शब्द दिलाय, तू तोंड उघडलंस तर या उंबऱ्यात पाऊल ठेवू नको. आणि मग हळू झाले. "तुला मी ठेवलं रे, वसंता." हे खरं आहे. हेच वाईट आहे. नुसता हरामखोर असता तर सोपं होतं.


२९ जुलै

धरमतरकडच्या रस्त्याला मोटारसायकल अंगावर आली. डावीकडून. मंगलने कॉलर धरून खेचलं, शर्टाची बटणं तुटली. तो पोरगा थांबून ओरडला, "व्हिडिओतला ना तू? आता दिसलं नाय काय?"

मंगल चप्पल घेऊन धावली त्याच्यामागे. चिखलात. पन्नाशीची बाई.


५ ऑगस्ट, कोर्ट

रिपोर्ट आला. दृष्टीचा घेर दहा अंशांच्या आत. नियमाने अंधच. पण पुढचं वाक्य, 'मध्यवर्ती दृष्टी चांगली'.

सरकारी वकिलांनी ते दुसरं वाक्य उचललं आणि नाचवलं. आमचे म्हणाले, कायदा नजरेची धार बघतो तसा घेर पण बघतो. बाईंनी दोघांचं ऐकलं. मग त्या जे बोलल्या ते डोक्यातून जात नाय: "रिपोर्ट एका माणसाचा दिसतो आणि व्हिडिओ दुसऱ्याच माणसाचा. आरोपीला याबद्दल काही सांगायचं असेल तर पुढच्या तारखेला सांगावं."

तारीख १९.

बाहेर आल्यावर झिराडकर साहेब म्हणाले, "दार उघडून दिलंय बाईंनी. आत जायचं की नाय ते तुमी बघा." मी म्हटलं, दाराची भाषा माझ्याशी नको, माझं कपाळ अजून दुखतंय. हसले. मी पण हसलो. कितीतरी दिवसांनी.


१२ ऑ.

कारखान्यात ओळीने मूर्ती. रंग झालेत, डोळे नाहीत. सगळ्या माझ्यासाठी थांबल्यात. दिवसभर अंगठा रोवून, काडी धरून. रोवलेला अंगठा सुजलाय.

दुपारी गिऱ्हाईक आलं की शेठ खोकतात. ती खूण. मग मी मान वर करायची, डोळे मिटायचे, कोरडा ब्रश. आजही केलं. तीनदा. केस चालू असताना! तिसऱ्यांदा केलं तेव्हा मंगल रंगाचा डबा आपटून बाहेर गेली.

मला पेन्शनीचा चोर म्हणतात म्हणून दोन महिने बोंबलतोय मी. आणि इथे हे.


१९ ऑगस्ट

बोललो.

जमेल तसं आठवतो. बाईंनी विचारलं, "व्हिडिओत तुम्हीच आहात?" व्हय, मीच. "त्यात तुम्ही डोळे आखताय?" नाय. आखल्याचं सोंग करतोय. डोळे आधीच आखलेले व्हते. ब्रश कोरडा व्हता.

कारकुनाचं टायपिंग थांबलं. बाई म्हणाल्या, "लिहा ते." परत टकटक सुरू.

मग खरं कसं आखतो ते विचारलं. अंगठा, काडी, एकेक डोळा. वकिलांनी खडू दिला, टेबलावर करून दाखवायला. केलं. टेबलाची कड दिसली नाय, खडू खाली पडला. कुणी हसलं नाय.

सरकारी वकील उठले. "म्हणजे तुम्ही खोटारडे आहात, हे मान्य?"

"लोकांशी खोटं बोललो. सरकारशी नाय."

"का बोललात?"

याचं उत्तर मी पाठ केलं नव्हतं. शेठचं नाव जिभेवर आलं होतं. म्हटलं, "लोक पाया पडायचे. मला बरं वाटायचं." शेठचं पण सांगितलं, पण नंतर. आधी माझं.

शेठ मागे बसले होते म्हणे. मंगलने सांगितलं. उठून गेले.

निकाल २६ ला. चतुर्थीच्या आदल्या दिवशी.

वाटलं होतं, बोलून टाकलं की हलकं वाटेल. कसलं काय! अजून संताप आहे. खरं बोलायला कोर्टात खेचून न्यावं लागलं मला.


२० ऑ.

माझे ब्रश घरी आले. पिशवीत भरून, जावयाच्या हाती. निरोप नाय. मंगलचा पितांबराचा ब्रश पण त्यातच. म्हणजे तिचं पण गेलं.

ती पिशवी बघून एवढंच म्हणाली, "माजा ब्रश धुतला पण नाय मेल्यांनी."


२२ ऑ.

जावई पुन्हा दारात. ब्रश परत न्यायला नाय, मला न्यायला. बाहेरचा आखणीवाला आणला होता, देव सगळे दचकल्यासारखे दिसतात म्हणे. गिऱ्हाईकं परत पाठवतायत.

"मामा, या. पण मागच्या दाराने. आणि दुपारी, गिऱ्हाईक नसताना."

का? तर आखणीवाल्याला दिसतं हे कुणाला दिसायला नको!

जे सुटलो मी! गल्लीतली माणसं बाहेर आली. म्हटलं, पुढच्या दाराने येईन. बोर्डाच्या खाली बसेन. डोळे उघडे ठेवून, अंगठा रोवून, सगळ्यांच्या समोर. मंगल बरोबर येईल. जमत असेल तर सांगा त्यांना. नाय जमत तर देव घेऊन जा दचकलेलेच.

तो गेला. तासाभराने शेठचा स्वतःचा फोन. एकच शब्द, "ये."


२४ ऑगस्ट, रविवार

बोर्ड उतरवलेला. भिंतीवर चौकोन राहिलाय.

पुढच्या ओट्यावर बसलो. शेठ आत, बाहेर आले नाहीत. गिऱ्हाईकं लांबून बघत होती. कुजबुज कानावर येत होती, 'हाच तो', 'कोर्टात कबूल केला', 'मग पेन्शन कशाची खातो'. एक जण मूर्ती न घेताच गेला. मी काम करत राहिलो. कान लाल झाले असतील.

मग एक बाई आली, वडखळकडची, म्हातारी. मागच्या वर्षी माझ्या पाया पडली होती, मला तिचा आवाज आठवला. समोर उभी राहून म्हणाली, "तुला दिसतं रे?"

"एवढंच दिसतं, बाय." मी मूर्तीच्या डोळ्याच्या जागेवर बोट ठेवलं. "एवढंच. तुजं तोंड नाय दिसत अख्खं."

"मंग गेल्या साली?"

"गेल्या साली खोटं बोललो."

शिव्या देईल वाटलं. द्यायला पाहिजे होत्या. मी पाया पडून घेतलं होतं तिच्याकडून, आता तिच्या पायांना हात लावायची पण लाज वाटत होती. माफी मागायची सोडून काडी पुसत बसलो. ती हलली नाय. मंगलने तिला पाट दिला. बसली, माझ्या गुडघ्याला गुडघा लावून.

तिचीच मूर्ती होती पुढ्यात. अंगठा रोवला, काडी लावली. डावा डोळा आखला. काडी उलटी केली आणि हात अडला. पहिल्यांदा अडला असा. तिचा श्वास ऐकू येत होता.

म्हणाली, "उजवा पण काढ. मी बघते हाय."

काढला. परवा निकाल.